गल्लीच्या पूर्वेकडचा निळा रंग

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, नगररचना कार्यालयातून मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झालेला, विधुर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. परवा डॉक्टरांनी मला त्या दिवसाची तारीख विचारली, मुलाचे वय विचारले आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले. मी दोनपर्यंत जाऊन थांबलो, कारण बाहेर पेशंट ताटकळले होते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकायला आले होते, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

१. चार वर्षांपूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते आणि त्यात सर्व काही माझ्या एकुलत्या मुलाला दिले होते. ते या लेखाने रद्द समजावे. त्यात एक गोष्ट लिहायची राहिली होती. विसरून राहिली नव्हती.

२. माझ्या मालकीची एकच स्थावर मिळकत आहे. कोपऱ्यावरचा दोनशे बारा चौरस मीटरचा भूखंड आणि त्यावरची तळमजला अधिक एक मजला अशी इमारत. चतुःसीमा : पूर्वेस शाळेची भिंत, दक्षिणेस मुख्य रस्ता, उत्तरेस नाला, पश्चिमेस सहा मीटर रुंदीची गल्ली. गल्लीपलीकडे पत्र्याच्या कुंपणाआड एक भूखंड मोकळा पडलेला आहे. तो माझ्या धाकट्या भावाचा होता. वडिलांनी दोन्ही जागा एकाच वर्षी घेतल्या आणि वाटणीत गल्लीची पूर्व बाजू मला, पश्चिम बाजू त्याला दिली. वाटणीबद्दल आमची कधी तक्रार नव्हती. सकाळी दात घासता घासता आम्ही गल्लीच्या दोन्ही बाजूंनी बोलत असू.

माझ्या इमारतीत खाली दोन गाळे आहेत. एक चष्मेवाल्यांकडे भाड्याने आहे, दुसरा बंद आहे. वर दोन खोल्यांत मी राहतो. जिन्याची सातवी पायरी सैल आहे. ज्याच्या ताब्यात घर जाईल त्याने ती आधी दुरुस्त करावी, माझ्याच्याने झाली नाही.

३. या मिळकतीची खरी किंमत विटांमध्ये नाही, हे वारसांना समजावे म्हणून थोडे खात्याच्या भाषेत लिहितो. शहराच्या विकास आराखड्यात प्रत्येक जागेला रंग असतो. राहण्याच्या भागाला पिवळा, दुकाने-कचेऱ्यांच्या भागाला निळा. पिवळ्या भागात जागेच्या साधारण एकपट बांधता येते. निळ्यात अडीचपट. याला चटईक्षेत्र निर्देशांक म्हणतात. माझी जागा निळ्यात आहे आणि मी जेमतेम एकपट बांधले आहे. म्हणजे आणखी दीडपट बांधकाम माझ्या गच्चीवर हवेत उभे आहे. लोक माझ्याकडे येतात ते ही हवा विकत घ्यायला.

सर्वांत जास्त वेळा आला तो एक विकासक. चष्मेवाल्यांनी त्याला अडीचशेठ असे नाव ठेवले आहे, कारण दर दुसऱ्या वाक्यात त्याच्या तोंडी अडीच असते.

"काका, तुम्ही राहता दोन मजल्यांत, पण मालक आहात पाच मजल्यांचे!" असे तो मला म्हणाला.

"मला एक मजला चढवत नाही," मी म्हणालो.

"म्हणून तर लिफ्ट देतोय!"

मग माझ्या मुलाचा फोन. तो दूर राहतो, वर्षातून एकदा येतो, आणि अडीचशेठचा नंबर त्याच्याकडे माझ्या आधी पोहोचला होता. "बाबा, अडीच आज आहे. उद्या नियम बदलला तर हातात काय राहणार, सैल पायरी?" तो वाईट मुलगा नाही. जे कागदावर दिसते त्यावर तो बोलतो, आणि ही सवय त्याला माझ्यापासूनच लागली.

४. चष्मेवाले बावीस वर्षे तळमजल्यावर आहेत. पुढे कोणीही इमारत पाडली किंवा वाढवली तर नव्या इमारतीत रस्त्याकडेचा, आहे तेवढाच गाळा त्यांना द्यावा. त्यांनी कधी मजकडून डोळे तपासल्याचे पैसे घेतले नाहीत आणि मी कधी घ्या म्हणालो नाही. हे माझे चुकलेच.

५. हत्यारे. माझा उतरता मेज, दोन गुण्ये, वक्रपट्ट्यांची पेटी, सात शाईची पेने आणि पितळेचा कंपास. मुलाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, हे आता संग्रहालयातसुद्धा घेत नाहीत. जागा अडते म्हणतात." त्याचे बरोबर आहे. तंत्रनिकेतनात कोणी घेतले तर द्यावे, नाहीतर भंगारवाल्याला बोलवावे, पण कंपास वेगळा काढून चष्मेवाल्यांच्या नातीला द्यावा. ती त्याने फुले काढते. आठवे पेन माझ्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्या सहकाऱ्याने नेले होते. आम्ही त्याला गोंद म्हणत असू. तो आजतागायत नाकारतो. ते पेन त्याच्याकडेच राहू द्यावे, पण ते माझे होते.

६. बँकेत जे काही उरेल त्यातून दवाखान्याचा आणि अंत्यविधीचा खर्च भागवावा, बाकी माझ्या मुलाचे. माझ्या नावाची पाटी, बाक किंवा फोटो कोठेही लावू नये.

७. आता ज्या कारणासाठी हे मृत्युपत्र नव्याने करत आहे ते कारण. आधी मी ते लिहिणार नव्हतो. पुतणीला घर देतो, एवढेच लिहून मोकळा होणार होतो. वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सख्खा मुलगा असताना पुतणीला? कारण लिहा. नाहीतर तो कोर्टात जाईल आणि न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतील." मी म्हणालो, प्रेम म्हणून. त्या म्हणाल्या, "गेल्या दहा वर्षांत तुम्ही तिच्या घरी किती वेळा गेलात?" मी एकदाही गेलो नव्हतो. म्हणून हे कलम.

सत्तावीस वर्षांपूर्वी शहराचा आराखडा नव्याने झाला. आमच्या भागाचा नकाशा माझ्या मेजावर होता. त्या काळी पारदर्शक फिल्मवर पुढच्या बाजूने शाईच्या रेषा काढत आणि रंग मागच्या बाजूने भरत. रंग पुढून भरला तर शाई फुटते. फिल्म उलटी केली की डावे उजवे होते, पूर्व पश्चिम होते. त्यासाठी मागच्या बाजूलाही पेन्सिलीने उत्तर दिशेचा बाण काढायचा आणि पूर्व-पश्चिम लिहायचे, हा पहिल्या दिवशी शिकवलेला नियम. मी तेवीस वर्षे तो पाळला. त्या दिवशी बाण काढला नाही. घाई नव्हती, आजारी नव्हतो. इतकी वर्षे झाली, आता काय बाण काढायचा, असे वाटले.

मंजूर टिपणात होते : गल्लीच्या पश्चिमेस काच कापण्याचे दुकान चालू, वाणिज्य वापर. पूर्वेस राहते घर, निवासी वापर. म्हणजे निळा भावाला, पिवळा मला. त्या तुकड्यात समोरासमोर आमचे दोनच भूखंड होते, दोन्ही जवळजवळ एकाच आकाराचे. मी निळा पूर्वेला भरला. हाताची चूक झाली, तिच्याबद्दल मी कोणाचे ऐकून घेणार नाही. पुढचे जे आहे ते चूक नाही.

आराखडा लोकांच्या हरकतींसाठी साठ दिवस कार्यालयाच्या भिंतीवर लावला होता. अकराव्या दिवशी डबा खायला जाताना मी समोरून पाहिला आणि जागच्या जागी थांबलो. निळा रंग माझ्या घरावर होता. दुरुस्ती करायची तर आरेखकाचे लेखी निवेदन लागे. चूक नेमकी आरेखकाच्या स्वतःच्या घराला फायद्याची होती. साहेब शिस्तीचे, चौकशी लागलीच असती. मुख्य आरेखकाच्या जागेसाठी माझे नाव वर गेले होते. मी स्वतःला म्हणालो, एकोणपन्नास दिवस आहेत, भाऊ येईल, पाहील, हरकत घेईल, आणि मी लगेच मान्य करीन.

भाऊ आला नाही. नंतर त्याच्याच तोंडून कळले का ते. "माझा दादा खात्यात बसलाय," तो कोणाला तरी हसत सांगत होता, "मी कशाला भिंतीवरचे नकाशे वाचत बसू?"

आराखडा मंजूर झाला. मला बढती मिळाली. माझ्या तळमजल्यावर गाळे झाले. त्याचे दुकान चालू राहिले, पण कागदोपत्री ते विसंगत वापर झाले. म्हणजे आहे ते चालवा, डागडुजी करा, नवे काही उभे करू नका.

काचेच्या धंद्याला ओल चालत नाही. तावांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांना चिकटतात, डाग धरतात, आणि सोडवायला गेले की तडकतात. आठ वर्षांनी त्याच्या शेडचे लाकडी खांब खालून कुजले आणि छप्पर गळू लागले. त्याने लोखंडी खांब घालून शेड चार फूट उंच करायची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. तेव्हा तो माझ्याकडे आला. हातात नाकारल्याचे पत्र होते, घडी घालून घालून मऊ झालेले.

"दादा, तुझ्याच खात्यातला नकाशा ना? एकदा बघ ना. माझ्यापुरती काही चूक तर झाली नसेल?"

मी म्हणालो, "नकाशात चूक नसते."

"बरं," तो म्हणाला. आणि जाताना, "तुला त्रास दिला."

पावसाच्या आधी त्याने परवानगीशिवाय खांब बदलले आणि शेड उंच केली. नोटीस आली, मग माणसे आली, शेड उतरवली. माल उघड्यावर पडला. त्या वर्षी सगळे बहिणीच्या घरी जेवायला जमलो होतो. विषय निघाला तेव्हा मी सर्वांसमोर म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखे." तो मान खाली घालून जेवत होता. माझ्या बायकोने मला पाणी वाढले आणि तांब्या जरा जोरात ठेवला. तिला मी काही सांगितले नव्हते. कदाचित तिला सांगावे लागले नसेल.

त्याने जागा विकली. पिवळी जागा, पिवळ्या दराने. घेणारा अडीचशेठ. त्यानंतर भाऊ दुसऱ्याच्या दुकानात काच कापायला जाई. सहा वर्षांपूर्वी तो गेला. घराण्यात त्याचे नाव आजही नियम मोडून बुडालेला माणूस असे घेतले जाते. त्याने नियम मोडला नव्हता. त्याचे दुकान ज्या रंगात असायला हवे होते त्या रंगात शेड चार फूट उंच करणे कायदेशीर होते, परवानगी मिळालीच असती. नकाशा मी बिघडवला. मला कळले, आणि मी सत्तावीस वर्षे गप्प राहिलो.

८. हे लिहिण्याआधी मी कार्यालयात गेलो आणि चूक-दुरुस्तीचा अर्ज दिला. चूक सुधारली तर निळा पलीकडे जाईल, माझे घर पिवळे होईल, आणि फायदा अडीचशेठला मिळेल, भावाच्या मुलीला नाही. हे मला कळत होते. म्हणजे खरे बोललो तर पुतणीला देण्यासारखे फारसे उरत नव्हते, आणि तिला भरपूर द्यायचे तर आणखी काही महिने तोंड बंद ठेवणे शहाणपणाचे होते. पंधरा दिवस अर्ज खिशात घेऊन फिरलो. मग दिला.

खिडकीमागे एक तरुण नगररचनाकार बाई होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, मला आत खुर्ची दिली आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"आजोबा, ही तुमची गल्ली. नवा आराखडा मंजूर झालाय, पुढच्या महिन्यात लागू होईल. मुख्य रस्त्याला लागून सगळंच वाणिज्य केलंय. दोन्ही बाजू निळ्या."

"पण जुना चुकलेला होता."

"हो ना. पण तो आता रद्दच होतोय. रद्द होणाऱ्या नकाशात दुरुस्ती कशी करू?"

"नोंद तरी घ्या."

त्यांनी यादी उघडली. "कोणत्या विषयाखाली घेऊ?" त्यांनी खरोखरच विचारले. विषयांची यादी होती, त्यात हा विषय नव्हता. शेवटी माझ्या प्रतीवर पोहोचल्याचा शिक्का मारून दिला. मग म्हणाल्या, "तुम्ही मागून का रंग भरायचात?" मी त्यांना शाई, फिल्म, बाण सगळे सांगितले. त्यांनी नीट ऐकले. बाहेर आलो तेव्हा पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिलो. ज्या रंगापायी माझा भाऊ दुसऱ्याच्या दुकानात गेला तो रंग कोणी न मागता, एका ठरावात, दोघांनाही मिळाला होता. अर्ज द्यायला मी उशीर केला असेही म्हणता येत नव्हते. ज्याला द्यायला हवा होता तो त्या कार्यालयात बसत नव्हता.

शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे.

९. तिथून मी पुतणीकडे गेलो. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. मी बाकावर रांगेत बसलो. तिने मला पाहिले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काका? उपाशीपोटी आलात ना?"

मी म्हणालो, तपासायला नाही आलो. आतल्या खोलीत तिला वरचे सातवे कलम तोंडी सांगितले. सांगायला पाच मिनिटे पुरली. तिने हातमोजे काढून कचऱ्यात टाकले.

"बाबांना माहीत होतं?"

"नाही."

"शंका होती?"

"त्याने मला विचारले होते."

"आणि तुमच्यावर विश्वास ठेवला."

मी घराबद्दल बोललो. अडीचपट काय असते तेही, मूर्खासारखे, समजावू लागलो. तिने मध्येच थांबवले. "आईला काय सांगू मी? बाबांच्या बदल्यात पाच मजले मिळाले?"

बाहेरून कोणीतरी रिपोर्ट झाला का म्हणून हाक मारली. ती "आले" म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

"घर द्या, नाहीतर नका देऊ. मला आत्ता काही सांगता येत नाही. पण आत्याच्या घरी अजून माझ्या पोरांना सांगतात, तुमचे आजोबा चोरून बांधायला गेले नि बुडाले. ते आधी पुसा. तुमच्या हाताने लिहा. आणि बंद पाकिटात नको, काका. बंद पाकिटं पुरे झाली."

ती घर घेईल की नाही, हे सही करतानाही मला माहीत नाही. तिच्या आईने, म्हणजे माझ्या भावजयीने, त्या घराची पायरी चढू नकोस असे तिला सांगितल्याचे कानावर आले आहे. भावजयीवर माझा राग नाही. तिने हे फार आधी म्हणायला हवे होते.

१०. कलम दोनमधील संपूर्ण मिळकत, जमीन, इमारत, आणि तिच्यावर आज किंवा नव्या आराखड्यानुसार जे काही बांधता येईल त्या सर्व हक्कांसह, मी माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला देत आहे. तिच्यावर कलम चारखेरीज कोणतीही अट नाही. तिने तिथे राहावे, बांधावे, कुलूप लावावे किंवा अडीचशेठला विकावे. विकले तरी कोणी तिला नावे ठेवू नयेत. हे दान नाही आणि भरपाईही नाही. भरपाईचा हिशेब करायला बसलो होतो, तो कागद फाडला.

माझ्या मृत्यूनंतर वर्षभरात तिने लेखी नकार दिला, तर मिळकत माझ्या मुलाकडे जाईल. तो ती विकेल, याची मला खात्री आहे. त्याला मी वगळले ते शिक्षा म्हणून नाही. माझ्या बढतीच्या पगारावर तो शिकला, त्याचा वाटा त्याला तेव्हाच पोहोचला. हे त्याला कठोर वाटेल. मला दुसऱ्या शब्दांत सांगता आले नाही. तिचे मन वळवण्यासाठी किंवा नकार मिळवण्यासाठी त्याने किंवा आणखी कोणी तिच्याकडे जाऊ नये.

११. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्यामागे तेराव्या दिवसानंतर, त्यांना सोयीच्या दिवशी, माझ्या वरच्या खोलीत वाचन व्हावे. माझी बहीण, भावजय, पुतणी, तिची मुले आणि माझा मुलगा यांना बोलवावे. भावजय जिना चढणार नसेल तर खालच्या बंद गाळ्यात खुर्च्या मांडाव्यात. इतर कलमे वकीलबाईंनी वाचावीत. सातवे कलम माझ्या मुलाने वाचावे, उभे राहून, मोठ्याने, मधले काही न गाळता. "नियम सगळ्यांना सारखे" हे वाक्य आले की बहिणीकडे पाहू नये. ते तिचे वाक्य नाही, माझे आहे.

वाचून झाल्यावर पुतणीकडे कोणी उत्तर मागू नये. ती रडली नाही, बोलली नाही, क्षमा केली नाही, तरी या लेखात काही बदल होत नाही. तिला एकटीला बसावेसे वाटले तर बसू द्यावे. ते घर तिचे असेल. उठून जायचे ते इतरांनी.

(सही)
मृत्युपत्र करणार, निवृत्त मुख्य आरेखक

साक्षीदार पहिले : आमच्यासमोर त्यांनी प्रत्येक पानावर सही केली. (सही) डॉक्टर, मुख्य रस्त्यावरचा दवाखाना.

साक्षीदार दुसरे : साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते असे वकीलबाई म्हणाल्या. यांनी मला बसवून सातवे कलम वाचून दाखवले. मी ऐकले आहे आणि कोणी विचारल्यास सांगेन. (सही) चष्मेवाले, तळमजला.

स्थळ : राहते घर, वरची खोली
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२२